सडपातळ माणसाचा रिपोर्ट

आयुष्यभर मोजून खाणाऱ्या सडपातळ माणसाच्या रक्तात कोलेस्टेरॉल वाढते कसे, आणि वाढले तर त्याने लाजावे का, एवढाच प्रश्न घेऊन मी लिहायला बसलो आहे.

मी शिकवत असे त्या शाळेतले क्रीडाशिक्षक निवृत्तीनंतर रोज सकाळी तळजाईच्या टेकडीवर भेटत. भेटताच स्वतःच्या कमरेची कातडी चिमटीत धरून म्हणत, "अंगावर नाही, ते आत कुठून असेल?" मग आमच्या पोटांची पाहणी होई. टेकडी उतरून वडापाव घेणाऱ्याला ते शांतपणे विचारत, "नॉमिनी कोणाला केलंय?"

पुढे ते आम्हाला टाळून मागे राहू लागले. खोदून विचारल्यावर आजूबाजूला पाहून त्यांनी सांगितले, की कोलेस्टेरॉल फार वाढले आहे. मग आठवडाभर उकडलेल्या भाज्या खाऊन, ओळखीचे कोणी भेटू नये म्हणून धायरीला जाऊन, त्यांनी पुन्हा रक्त दिले होते. आकडा जवळजवळ तोच आला. गोळी सुरू केली नव्हती. कोपऱ्यावरचा औषधवाला त्यांचाच विद्यार्थी.

"नापास झालो, सर," ते मला म्हणाले.

मी त्यांना बाकावर बसवून समजावले. चरबी पाण्यात विरघळत नाही आणि रक्त तर बरेचसे पाणीच. म्हणून शरीर चरबी व कोलेस्टेरॉल प्रथिनांच्या वेष्टनात बांधून, बारीक कण करून पाठवते. काही कण ते पेशींपर्यंत नेतात, काही उरलेले यकृताकडे परत आणतात. नेणारे कण काम झाल्यावर रक्तातून उचलणे हेही मुख्यतः यकृताचेच काम. काही घराण्यांत ही उचल जन्मतःच कमी असते. मग ते कण रक्तात फिरत राहतात, धमनीच्या भिंतीत शिरतात आणि वर्षानुवर्षे साचून हृदयाची वाट अरुंद करतात. कोलेस्टेरॉल बरेचसे शरीरच तयार करते. ताटातून येते ते त्या मानाने थोडे.

"म्हणजे खाण्यामुळे नाही?"

नुसत्या खाण्यामुळे नसावे, असे म्हणून मी त्यांच्या वडिलांविषयी विचारले. ते तरुणपणीच हृदयविकाराने गेले होते. घरात सगळे म्हणत, भज्यांनी गेले. सरांनी मुलीलाही तेच सांगितले होते. ती वाघोलीला राहते, पळण्याच्या शर्यतींत भाग घेते, सरांसारखीच सडपातळ. तिचे रक्त लवकर तपासायला हवे, असे मी म्हणताच त्यांनी मान खाली घातली.

"कोणत्या तोंडाने सांगू? तिच्या पोळीवरचं तूप मी फडक्याने पुसून काढत असे."

काही दिवस असेच गेले. मग एका सकाळी माझ्याकडे पाठ करून त्यांनी फोन लावला.

"बाळा, आजोबा भज्यांनी नाही गेले. माझ्याही रक्तात तेच आहे. तुझं तपासून घे." बराच वेळ ते नुसते ऐकत होते. शेवटी म्हणाले, "हो. गोळी आजपासून घेतो."

तिचाही आकडा वाढलेलाच निघाला. वेळेवर कळले, असे तिचे डॉक्टर म्हणाले. दोघांचेही उपचार चालू आहेत. सर मात्र टेकडीवर यायचे थांबले. परवा कालव्याच्या रस्त्याने ते एकटेच झपझप चालत येताना दिसले. मी हात वर केला. त्यांनी मला पाहिले, आणि रस्ता ओलांडून ते पलीकडच्या कडेने निघून गेले.

मी विज्ञान शिकवत असे, मी डॉक्टर नाही. तेव्हा माझ्या शब्दावर विसंबू नका. आपल्या घरात कोणी तरुणपणी हृदयविकाराने गेले होते का ते विचारा, रक्त तपासून घ्या, आणि मी लिहिले ते खरे की नाही हे डॉक्टरांकडून पडताळून पाहा.