तिसरी लाइन

सोल्डरिंगच्या राळेचा वास आला की मला संगमनेरजवळच्या अकोले गावचं टेलिफोन एक्स्चेंज आठवतं. नव्वदच्या दशकात मी तिथे टेक्निशियन होतो. कपाटाएवढ्या यंत्रावर बाहेरगावच्या आठ लाइनींचे आठ तांबडे दिवे होते. दिवा लागलेला म्हणजे त्या लाइनीवर कुणीतरी बोलतंय. एका दुपारी आरोग्य केंद्रातली सिस्टर धापा टाकत आली. बाळंतिणीचा रक्तस्राव थांबत नव्हता, संगमनेरहून ॲम्ब्युलन्स मागवायची होती, आणि आठही दिवे लागलेले. पाच मिनिटं आम्ही दोघं नुसते दिव्यांकडे बघत उभे. "एखादा तरी विझंल का, भाऊ?" तिने विचारलं. चालू बोलण्यात शिरायला सक्त मनाई होती, तरी मी तिसऱ्या लाइनीला रिसीव्हर जोडला. एक म्हातारा सैन्यातल्या मुलाशी बोलत होता. मी अडचण सांगितली. "सहा म्हैन्यांनी घावलाय पोरगा," तो म्हणाला, "पन ठिवतो. तिचं बघा आधी." दिवा विझला. गाडी वेळेत आली, बाळंतीण वाचली. त्या घाईत म्हाताऱ्याचं नाव विचारायचं मात्र राहून गेलं, आणि मुलाशी त्याचं पुन्हा बोलणं झालं का, हे मला आजही माहीत नाही.