शेजारणींचे फॉर्म

पडेगावातल्या आमच्या घराची वरची खोली मी विद्यापीठात शिकणाऱ्या मुलींना भाड्यानं देते. पीएचडी म्हणजे काय ते मला या खोलीमुळं कळलं, आणि सांगते, ते प्रत्येकीचं निराळं असतं. एक रसायनशास्त्रवाली होती, ॲसिड उडून ओढण्यांना बारीक भोकं पडलेली, ती चार वर्षांत मोकळी झाली. एकीनं अर्ध्यात सोडलं, परीक्षा दिली, आता तलाठी आहे नि मजेत आहे. एकीनं मांडीवर लेकरू झोपवून प्रबंध लिहिला. पण मनात राहिली ती समाजशास्त्रवाली.

तिचं सहावं वर्ष चाललेलं. विषय होता शाळा अर्धवट सुटलेल्या बायकांचा. शेवटची मुदतवाढ मिळालेली. त्या मुदतीत प्रबंध जमा झाला नाही तर सगळी वर्षं पाण्यात. आमच्या गल्लीतल्या बायकांना विचारून भरायचे फॉर्म तेवढे राहिलेले, आणि नेमका तिला ताप भरला. गावाकडं जाताना रडवेली झाली. मी म्हटलं, "आण इकडं. मी भरून ठेवते."

मी शाळेत चौथीपर्यंतच गेलेली. पुढचं वाचायला-लिहायला पेपर नि दुकानांच्या पाट्या बघून स्वतःच शिकले. त्यामुळं ते फॉर्म हातात आले तेव्हा माझी ऐट काय विचारता!

आठ दिवसांनी ती आली. मी गठ्ठा पुढं केला. तिनं दोन-चार कागद चाळले नि थांबली.

"काकू, समोरच्या वहिनी तर माहेरी गेल्या होत्या ना? मग त्यांचा फॉर्म कसा भरला?"

"त्यात विचारायचं काय? वीस वर्षं समोर राहतात. मला समदं ठाऊक हाय त्यांचं."

"आणि बाकीच्यांचा?"

"निम्म्या घरी सापडल्याच नाहीत गं. पण खोटं काय लिहिलं नाय. सगळ्यींचं तेच असतंय, लग्न ठरलं नि शाळा सुटली."

ती पायरीवर बसली. हसली, पण ते हसणं काही चांगलं नव्हतं. "काकू, मग बाकीच्या गावांत कशाला फिरले मी? तुम्हालाच विचारून मोकळी झाले असते."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. तरी मी म्हटलं, राहू दे, कुणाला कळतंय? ती उठली. अंगात कणकण होती तरी कोरे फॉर्म काढले नि चपला घातल्या. मग मला घरात बसवेना. मीही निघाले.

समोरच्या वहिनी परवाच परतलेल्या, साडीला फॉल लावत बसल्या होत्या. शाळा का सुटली, असं पोरीनं विचारलं. त्यांनी सुई थांबवली. "दहावीला गणितात गेले. लग्न तर चार वर्षांनी झालं. नापास म्हणायची लाज वाटती, म्हणून लग्नावर ढकलते."

मी चाट पडले. "वहिनी, वीस वर्षांत बोलल्या नाहीत कधी!"

"तुम्ही विचारलं व्हय कधी? तुम्हीच सांगत असता, मी ऐकत असते."

पोरीनं मान खाली घालून लिहून घेतलं. हसू दाबत होती, मला दिसलं.

गल्ली संपायला चार दिवस लागले. दोघी-तिघींनी दारच उघडलं नाही. तिनं ते फॉर्म कोरेच ठेवले, मी लिहिलेले मात्र सगळे बाजूला काढले. त्यात माझा स्वतःचाही होता.

"माझा तरी घे," मी म्हटलं. "पण तो नको, दुसरा दे. त्यात मी वडलांनी शाळा सोडवली असं लिहिलंय."

"तुमचा आता घेता येत नाही, काकू. सगळ्यींची उत्तरं ऐकलीत तुम्ही."

बरोबरच होतं. तिनं फाइल बंद केली, दोरी बांधली. पण उठली नाही. म्हणाली, "तसंच सांगा. लिहीत नाही."

मग मी सांगितलं. आम्ही कन्नड तालुक्यातल्या खेड्यातले. पाचवीसाठी पुढच्या गावी चालत जायचं होतं. वडील दप्तर घेऊन आले होते, खाकी कापडाचं, नवं. मीच रडून घर डोक्यावर घेतलं, जाणार नाही म्हणून. वाटेतल्या कुत्र्यांची भीती वाटायची. वडील गेल्यावरही मी साऱ्या जगाला हेच सांगत आले, त्यांनी शिकवलं नाही म्हणून.

तिनं विचारलं, "दप्तराचं काय झालं मग?"

मला इतक्या वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं. विचारणार तरी कसं, दप्तर आणलं होतं हे मी कुणाला सांगितलंच नव्हतं.