नवसाबाईंचा आहार आणि बाराशे कॅलरी

मखमलाबाद रस्त्यावरच्या एका हॉटेलात नवसाबाई नऊ वर्षं चुलीपुढे बसतात. बाहेर 'चुलीवरची मिसळ-भाकरी' अशी पाटी आहे. त्यातली चूल म्हणजे त्याच. बाभळीचं फाटं नुसतं हातात तोलून त्या सांगतात, यावर किती भाकऱ्या निघतील. त्यांच्या मते बोर लवकर पेटतं नि लवकर रुसतं, निलगिरी नुसतीच तडतडते. माणसांबद्दलही त्यांची मतं साधारण अशीच.

तर मागच्या शुक्रवारी त्यांच्यापुढे दोन कागद आले. पहिला मालकाचा. कुंदनने जळणाचा तक्ता भिंतीला चिकटवला: किलोमागे गोवरी दोन हजार कॅलरी, लाकूड साडेतीन हजार, लोणारी कोळसा सात हजार, गॅस अकरा हजार.

"बघा मावशी, लाकडाच्या तिप्पट. रविवारी दोन्हीवर करून बघू. गॅसवर जमलं तर चूल काढून तिथं दोन टेबलं टाकतो."

"आन मी?"

"तुमचं बघू ना."

कुंदनचं 'बघू' नवसाबाईंना ठाऊक होतं. चुलीपाशी पंखा लावायचं तो चार उन्हाळे बघत होता.

दुसरा कागद दवाखान्यातला. शुगर वाढली म्हणून डॉक्टरीणबाईंनी दिलेला. नवसाबाई सातवी पास. वाचायला कुणापुढे कागद धरणं त्यांना जमत नाही. बोट ठेवत त्यांनी वाचलं: 'आहारात दिवसाला बाराशे कॅलरींहून जास्त नकोत.'

त्या गारच पडल्या. आहार म्हणजे चुलीच्या तोंडाशी ओढलेले निखारे, ज्यांच्यापुढे भाकरी टेकवली की टम्म फुगते. सासूच्या काळापासून घरात हाच शब्द. म्हणजे शुगर या धगीनं चढली होय? तक्त्यात बघावं तर साधी गोवरीसुद्धा दोन हजारांची. बाराशेचं जळण आणायचं कुठून? आणि आणलंच, तर त्यावर गॅसला हरवायचं कसं? जीव सांभाळावा तर चूल जाते, चूल सांभाळावी तर शुगर.

शेवटी शनिवारी घरी जाताना त्यांनी बाभळीची मोळी हौदात बुडवून ठेवली. ओलं लाकूड कमी तापतं, हे कळायला तक्ता लागत नाही.

रविवारी चूल पेटेना. पेटली तेव्हा असा धूर सुटला की गिऱ्हाइकं तर्री यायच्या आधीच डोळे पुसू लागली. कुंदन खोकत आत आला.

"मावशी, मुद्दाम करताय का?"

"मुद्दाम नाय. भिजवून किती कॅलऱ्या गेल्या, तेवढं सांगा." आणि त्यांनी कमरेचा कागद काढून पुढे केला.

कुंदनने तो दोनदा वाचला. "अहो, हा आहार म्हणजे खाणं. जेवण."

"मग जेवण लिहावं. आन कॅलरी?"

"कॅलरी तीच."

"लाकडातली नि भाकरीतली एकच?"

"एकच."

"मग माणूस लाकूड का खात नाय?"

कुंदनचा डिप्लोमा झालाय, पण हा प्रश्न पेपरात आला नव्हता. तो गॅस पेटवायला गेला. मटकी बघता बघता शिजली. भाकरीचं मात्र काही केल्या जमेना. मोठ्या शेगडीचा जाळ एकाच जागी चावा घ्यायचा. भाकरी मधोमध काळी, कडेला कच्ची. तिसरी जळाल्यावर त्याने एकदा तक्त्याकडे पाहिलं, एकदा भाकरीकडे.

"अकरा हजार असून असं कसं?"

"आहार कुठाय त्याला?" नवसाबाई म्हणाल्या.

मागच्या शेडमधून सुक्या बाभळीची मोळी कुंदनने स्वतः आणून टाकली. "मिसळ गॅसवर. भाकरी तुमच्याकडेच."

नवसाबाईंनी निखारे पुढे ओढले. पहिली भाकरी फुगली. ती नेहमीप्रमाणे त्यांची. मोडून घास हातात घेतला, नि हात थांबला.

"भाऊ, आहारावर भाजलेली भाकरी आहारात धरायची का?"

कुंदन डोकं खाजवत म्हणाला, "बघू."