मिठाची दारं

माझी सख्खी मोठी बहीण खालापूरला दिलेली, मी कर्जतला. ती बोंबलाचं कालवण ओरपते, वर पापड, वर लोणचं, आणि तिचं प्रेशर मोजावं तर कॉलेजच्या पोरीसारखं! मी ऐन पंचविशीपासून गोळ्या गिळतेय. जळते मी तिच्यावर. का जळू नये?

शेवटी पनवेलच्या डॉक्टरांनी माझं रक्त मुंबईला पाठवलं, तेव्हा कारण सापडलं. त्यांनी चित्र काढूनच दाखवलं. मूत्रपिंडातल्या बारीक नळ्यांच्या शेवटाला सोडियमची दारं असतात. तीन तुकडे एकमेकांना चिकटून एक दार होतं, आणि मधल्या फटीतून सोडियम शरीरात परत येतं. मीठ कमी पडलं की मूत्रपिंडावरची ग्रंथी अल्डोस्टेरॉन नावाचं संप्रेरक सोडते, मग दारं वाढतात. पुरे झालं की पेशी ती दारं आत ओढून मोडून टाकते. माझ्या दारांच्या एका तुकड्याचं शेपूट जन्मापासून तोकडं. पेशीला धरायलाच काही मिळत नाही. संप्रेरक बिचारं गप्प, तरी दारं जागच्या जागी, मीठ आत, त्याच्यामागे पाणी आत, आणि प्रेशर वर. आता दिलेली नवी गोळी त्या दाराच्या तोंडात जाऊन बसते म्हणे. तरी मीठ कमीच खायचं.

हे आईबापाकडून येतं. बहिणीला असू शकतं, माझ्या मुलीलाही. दोघींचंही रक्त तपासायला पाठवलं. त्या दिवसापासून पोरीलाही मी माझ्यातलंच आळणी वाढायला लागले. दोघी शेजारी बसून तोंडं वाकडी करायचो, हसायचो. नवऱ्याची आमटी वेगळी. खरं सांगू? इतकी माझ्याजवळ ती लहानपणीही बसली नव्हती.

बहिणीचा रिपोर्ट आधी आला. "माज्यात काय बी नाय गं!" फोनवर खिदळत होती. अंगाचा नुसता तिळपापड झाला माझ्या. एकाच आईच्या पोटच्या दोघी, आणि सगळं चांगलं तेवढं हिच्याच वाट्याला!

मग पोरीचाही आला. तिच्यातही काही नव्हतं. मी ढसाढसा रडले, आळीभर पेढे वाटले. संध्याकाळी तिच्यासाठी मुद्दाम आमटीत अंदाजाने मीठ घातलं. मला कसलं चाखता येतंय!

तिने एक घास खाल्ला. "आई, मावशीसारखी नाय झाली गं."

"मग जा मावशीकडंच!" मी खेकसले.

"खरंच जाऊ? बोंबील केलेत म्हणाली ती." आणि स्कूटरची चावी घेऊन निघालीसुद्धा! जाताना वर म्हणते, "तू जेवून घे गं, थांबू नको माझ्यासाठी."

मी आळणी भात कालवत बसले. पोरगी माझ्यासारखी निघू नये, असा नवस मीच बोलले होते.