पाच-पाच ठोके आणि कुर्बानीचा बोकड

कासिरान माझा सख्खा धाकटा भाऊ. हे आधीच सांगून टाकतो, कारण लोक त्याचं नाव घेतात आणि माझं विसरतात. आमच्या वाडीच्या पहाऱ्याच्या चौकीत जो लाकडी ढोल टांगलाय, तो वाजवणारा कासिरान. पण तो ढोल ज्या फणसाचा आहे, तो फणस मी पाडला. बुंधा मी कोरला, मधली चीर मी पाडली. आजूबाजूच्या सात वाड्यांत असा आवाज नाही. खालच्या वाडीचा ढोल वाजला तर वाटतं कुणीतरी दार लोटलं. तेव्हा हात त्याचा असला तरी आवाज माझा आहे, हे लक्षात ठेवा.

ठोके आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतात. एकेक संथ ठोका पडला की कुणीतरी गेलं. तीन-तीन म्हणजे आग. पाच-पाच म्हणजे गोठ्यातलं जनावर चोरलं. आणि रोज सकाळी एक लांब ठोका असतो, हळूहळू चढत जातो आणि तसाच उतरत येतो. तो पडला की समजायचं, सगळं ठीक आहे, चुली पेटवा.

बत्तीस वर्षांत कासिरानच्या हातून एकदाही खोटा ठोका पडलेला नाही. सकाळचा ठोका द्यायच्या आधी तो अठ्ठेचाळीस घरं फिरून येतो. बकऱ्या, बदकं, मोटारसायकली, म्हातारी माणसं, सगळं मोजतो. आमची आई गेली तेव्हा तिच्या नाकाशी त्याने तीनदा आरसा धरला. माणसं कुदळी घेऊन अंगणात ताटकळली, पण खात्री झाल्याशिवाय गड्याने मोगरी उचलली नाही. एकदा एका स्वयंपाकघरातून धूर निघाला. दुसरा कुणी असता तर लगेच तीन-तीन बडवले असते. कासिरान आधी आत जाऊन बघून आला, की आग आहे का नुसता ओल्या लाकडाचा धूर. तोवर अर्धं छप्पर गेलं. पण ठोके खरे होते. हा खरेपणा आमच्या बापाचा. माझ्यात जरा जास्त उतरलाय, पण त्याच्यातही बराच आहे.

यंदा तालुक्याच्या कचेरीतून निरोप आला, की रविवारी तीन साहेब प्रत्येक वाडीचा पहारा तपासायला येणार. गावप्रमुख पाक मुर्योतोंना घाम फुटला. त्यांनी मला बोलावलं. असल्या वेळी मलाच बोलावतात, मी सहावी पास आहे. ठरलं असं, की मी चोर व्हायचं, त्यांच्या बायकोचा बोकड घेऊन पळायचं, कासिरानने पाच-पाच द्यायचे, लोकांनी मला धरायचं आणि साहेबांनी खूश व्हायचं. चोर म्हणून मला निवडलं ते बरोबरच होतं. असल्या कामाला अंगात धमक लागते.

कासिरानला हे सांगितलं तेव्हा तो मोगरीला तेल लावत बसला होता.

"बोकड चोरीला जाणार आहे का?" त्याने विचारलं.

"नाही रे बाबा, देखावा आहे," पाक मुर्योतो म्हणाले.

"मग पाच-पाच कशाला?"

पाक मुर्योतोंनी समजावलं, हात जोडले, मग चिडले. त्यांच्या घरात खोक्यात एक भोंगा येऊन पडला होता, विजेचा. त्यांनी स्पष्टच सांगितलं, की रविवारी साहेबांसमोर ढोल वाजला नाही, तर चौकीवर भोंगा बसेल, बटण त्यांच्या ओसरीवर राहील आणि ढोल त्यांच्या बैठकीत शोभेला टांगला जाईल. आणि कासिरानने मग घरी बसून बदकं मोजावीत.

कासिरानने मोगरी खाली ठेवली. मग म्हणाला, "ढोल न्या. पण त्यातून खोटं मी काढणार नाही."

देखावा रद्द झाला. कासिरानच्या बायकोने सांगितलं, की त्या दिवसापासून हा भाताला हात लावत नाही, नुसता चौकीत बसून ढोलाखालची जमीन झाडतो. मी त्याला असा सोडणार नव्हतो. धाकटा आहे तो. शिवाय ढोल माझ्या फणसाचा, आणि तो पाक मुर्योतोंच्या बैठकीत फुलदाणीशेजारी लटकणार, हे मला कसं सहन व्हावं?

विचार करायला मला वेळ लागत नाही. कासिरानला खरी चोरी हवी होती ना, मग खरी चोरी करायची. कुणालाही सांगितलं नाही, बायकोलाही नाही. सांगून केली तर ती चोरी कसली?

रविवारी सकाळी नऊ वाजता सगळी वाडी मांडवात जमली. चटया अंथरल्या, तळलेलं सोयाबीनचं तेंपे आलं, उकडलेला कसावा, शेंगा, गोड चहा. साहेब चहात बिस्किट बुडवत होते आणि पाक मुर्योतो भोंग्याचं खोकं पुसत होते. मी मागच्या बाजूने त्यांच्या गोठ्यात शिरलो, दोरी कापली आणि बोकड उचलला. पांढरा, दाढीवाला, कुर्बानीसाठी वर्षभर पोसलेला, वजनाला माझ्या सासूएवढा. दुसऱ्या कुणाला तो खांद्यावर पेलला नसता.

लपायला सालाकची बाग निवडली. सालाकच्या झाडांना खालपासून वरपर्यंत सुयांसारखे काटे. आमच्याकडचा माणूस हातमोजे घातल्याशिवाय त्यांच्या खाली शिरत नाही, म्हणून तिथे कुणी शोधणार नाही, असा माझा हिशोब. हिशोब बरोबर होता. फक्त हातमोजे माझ्याकडेही नव्हते.

इकडे कासिरान दिवसाच्या फेरीला निघाला. मांडवात साहेब बसलेत म्हणून फेरी चुकवणारा तो नव्हे. पाक मुर्योतोंचा गोठा रिकामा दिसला. त्याने आत वाकून बघितलं, मागे जाऊन बघितलं, कापलेली दोरी हातात घेऊन बघितली. मग मांडवात येऊन पाक मुर्योतोंच्या बायकोला, बू मुर्योतोंना, विचारलं, बोकड तुम्ही सोडलात का. त्या नाही म्हणाल्या. तरी पुन्हा एकदा जाऊन बघून आला.

आणि मग ढोल वाजला. काय सांगू तुम्हाला, काट्यांत पडलो होतो तरी माझी छाती फुगली. पाच-पाच, पाच-पाच, सगळा डोंगर भरून आवाज. माझा फणस. चहाचे पेले टाकून माणसं कोयते, काठ्या घेऊन धावली. कुणाला काही शिकवावं लागलं नाही. दोन्ही वाटा अडवल्या, पूल अडवला. मी अर्धा तास सहज टिकलो असतो, पण बोकड प्रत्येक पाच ठोक्यांनंतर उत्तर द्यायला लागला. अकराव्या मिनिटाला मला पाय धरून बाहेर ओढलं. अकरा हे साहेबांच्या घड्याळावर. माझ्या मते पंधरा तरी असतील.

मला बघितल्यावर लोक हसायला लागले. सगळ्यांना वाटलं, देखावा झाला. थोरले साहेब म्हणाले, असा उत्तम देखावा तालुक्यात कुठे बघितला नाही. पाक मुर्योतोही हसले. अडलेला श्वास सुटल्यासारखे हसले.

हसला नाही तो कासिरान. मोगरी घेऊन माझ्यासमोर येऊन उभा राहिला. चेहरा भाताच्या पेजेसारखा पांढरा.

"कांग," म्हणाला, थोरल्या भावाला म्हणायचं तसं, पण आवाज वेगळाच. "देखावा होता का हा? देखावा असेल तर माझ्या हातून खोटा ठोका पडला. मग मी मोगरी ठेवतो."

आणि खरंच त्याने मोगरी पाक मुर्योतोंपुढे धरली.

आता बघा माझी पंचाईत. देखावा म्हणालो तर भाऊ संपला. चोरी म्हणालो तर मी चोर. आमच्या वाडीत जनावर चोरणाऱ्याला दहा गाड्या नदीचे दगड वाहावे लागतात, पायवाटेसाठी, आणि शुक्रवारी मशिदीच्या अंगणात सगळ्यांसमोर नाव पुकारलं जातं. आमच्या घराण्याचं नाव तिथे आजवर फक्त देणग्यांत पुकारलं गेलंय.

मी काटे झटकले आणि सरळ उभा राहिलो.

"चोरला," मी म्हणालो. "कुणाला न विचारता चोरला."

साहेबांचं पेन थांबलं.

"कशाला?" कासिरानने विचारलं. तोही तसलाच, खात्री केल्याशिवाय सोडणार नाही.

"रस्सा करायला."

"आम्हाला बोलावणार होतास?"

इथे मी जरा अडखळलो. पण खोटं बोलायचं तर नीट बोलावं.

"नाही," मी म्हणालो. "एकटाच खाणार होतो."

बू मुर्योतोंनी तिथल्या तिथे माझ्या सात पिढ्या काढल्या. कुर्बानीचा बोकड, आणि हा एकटा खाणार, असं त्या मांडवाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सांगत फिरल्या. पण कासिरानचा चेहरा हळूहळू भरत आला. त्याने मोगरी मागे घेतली, तिचा दांडा सदऱ्याला पुसला.

"मग चल, कांग," म्हणाला. "चोराने चौकीत बसायचं असतं."

दुपारपर्यंत त्याने मला ढोलाखाली बसवून ठेवलं. तेंपेचा मोठा तुकडा मलाच दिला. स्वतःही चार दिवसांनी पोटभर जेवला. खरी चोरी आणि अकरा मिनिटांत खरा चोर, असं लिहून साहेब गेले. पाक मुर्योतोंनी भोंग्याचं खोकं परत पाठवलं. माझ्या पाठीतून बायकोने सदतीस काटे काढले आणि प्रत्येक काटा जरा फिरवून काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, उजाडायच्या बेताला, माझ्या खिडकीत विजेरी चमकली. आधी मागच्या गोठ्यात गेली. माझ्या दोन बकऱ्या मोजल्या, तिसरी कुणाची नाही ना ते बघितलं. मग आत येऊन माझ्या तोंडावर थांबली.

"आहे रे मी," मी पालथा पडूनच म्हणालो. "घरातच आहे."

"दिसतंय," कासिरान म्हणाला. "पण आता रोज बघावं लागेल."

त्याची पावलं चौकीकडे गेली. मग ठोका सुरू झाला, हळूहळू चढत गेला आणि तसाच उतरत आला. बायको उठून चूल पेटवायला गेली.