वाईट तारा आणि ओली पाकळी

आमच्या घरात ‘डिझास्टर’ हा शब्द मी आणला आणि मीच वापरून झिजवला. सोलकढी फाटली, डिझास्टर. इन्व्हर्टर बसला, डिझास्टर. गेल्या गणपतीत मी हौसेने वळलेले मोदक उकडताना फुटले, तेव्हा तर दिवसभर तेच चाललं होतं. बायकोने ते मोदक निमूट खाल्ले.

या आषाढात कॉलेजात इंग्रजी शिकणाऱ्या मुलीने वैतागून त्या शब्दाचं मूळच शोधलं. इटालियनमधून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आलेला. ‘डिस’ म्हणजे वाईट, ‘अस्त्रो’ म्हणजे तारा. तारा वाकडा गेला की माणसाचा सत्यानाश, अशी त्या लोकांची समजूत. मला ती फार आवडली. फुटलेल्या मोदकांचं खापर परस्पर आभाळावर फोडता येत होतं.

त्याच आठवड्यात गावाहून काकूचा फोन आला. घरामागच्या डोंगराला भेग पडली होती. तलाठ्याने शाळेत राहायला जा म्हणून सांगितलं होतं, आणि काका हलत नव्हते.

मी गाडी घेऊन गेलो. काकांनी ग्रामदेवीला कौल लावला होता. गुरव देवीच्या अंगावर दोन पाकळ्या पाण्याने चिकटवतो. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पण त्या पावसात पाषाणच घामेजलेला. दोन्ही पाकळ्या जागच्या जागी. देवी बोलेचना.

“तिने सांगितल्याशिवाय उंबरठा सोडणार नाय,” काका म्हणाले.

मी म्हटलं, अशा दमट हवेत पाकळ्या सुकणार कशा आणि पडणार कशा?

“तुझं लग्न तुझ्या बापाने कौल लावूनच ठरवलंन ना? तेव्हा बरी पडली रे पाकळी?”

तो कौल मार्गशीर्षात, कोरड्या हवेत लावला होता, हे उत्तर मला परतीच्या वाटेवर सुचलं. मागच्या सीटवर काकू एकटीच होती. होकार मिळाला की येतो, असं सांगून काका म्हशीला पेंढा घालायला वळले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी डोंगर खाली आला. गोठा, म्हैस, घर, काका. मी पुन्हा गावी धावलो; त्यांना बाहेर काढेपर्यंत संध्याकाळ झाली. गुरव रडत सांगत होता, देवळात गेलो तर उजवी पाकळी खाली होती. कधी पडली, कोणी पाहिलं नव्हतं.

तेराव्यापर्यंत टीव्हीवर आमची दरड दाखवत होते, आणि निवेदिका तोच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होती. काकूने मला अर्थ विचारला. मी सांगितला, वाईट तारा.

“तारा कुठला रे?” ती म्हणाली. “महिनाभर आभाळ दिसलं नाय. भेग दिसत होती. रोज.”

तिने उठून टीव्ही बंद केला. परवा पुन्हा इन्व्हर्टर बसला, तेव्हा मी ‘इन्व्हर्टर बसला’ एवढंच म्हटलं आणि मेणबत्ती शोधायला उठलो.