पिरॅमिडच्या पोटातलं बोलणं

दहशूर गावात रावयाची जीभ प्रसिद्ध होती आणि तिच्या नवऱ्याचं, शाबानचं, मौन. लष्करानं लाल पिरॅमिडची वाट लोकांना मोकळी केली, तेव्हापासून शाबान तिथे पहारेकरी होता. सकाळी पायघोळ गलाबिया झटकून जायचा. संध्याकाळी गुडघे चोळत यायचा, मुलुखियाच्या भाजीत भाकरी बुडवून खायचा, काळा चहा प्यायचा आणि भिंतीला टेकून डोळे मिटायचा. "आज काय झालं?" असं रावयानं विचारलं, की उत्तर ठरलेलं. "काही नाही."

एका हिवाळ्यात मात्र तो बोलायला लागला, आणि रावयाच्या अंगाची लाही लाही झाली.

कैरोहून नर्मीन नावाची एक बाई आली होती. पिरॅमिडच्या आतले दगड मोजायची, त्यांवरच्या खुणा उतरवून घ्यायची. मदतीला शाबान.

"नर्मीनबाई म्हणतात, असं छत दुसरीकडे नाही," तो जेवताना सांगायचा. "नर्मीनबाईंना चहात साखर अगदी कमी लागते."

"आणि मला किती लागते?" रावयानं एकदा विचारलं.

शाबानचा घास हातातच थांबला. तो खरंच विचारात पडला. त्यानं उडवून लावलं असतं तरी तिला इतकं लागलं नसतं.

दुसऱ्या दिवशी भट्टीवर भाकऱ्या भाजताना धाकटी जाऊ इन्साफ हळूच म्हणाली, "काय जाऊबाई, भावजी हल्ली रोज दाढी करतात म्हणे!"

"तुझी भाकरी जळतेय, तिकडे बघ."

"भाकरीच ना? मला वाटलं आणखी कुणी."

रावयानं त्याच दुपारी भाकरी, चीज आणि कांदा फडक्यात बांधला, काळी ओढणी डोक्यावर घट्ट आवळली आणि वाळूची वाट धरली. जन्म या पिरॅमिडच्या सावलीत गेला, पण ती कधी आत गेली नव्हती. उतारावरच्या पायऱ्या चढून ती धापा टाकत दारापाशी पोचली. तिथे म्हातारा पहारेकरी बयूमीकाका एकटाच बसला होता.

"शाबान आत आहे, बाईंबरोबर," तो म्हणाला. "तू कुठे निघालीस सूनबाई? गुडघे राहायचे नाहीत."

"राहतील," म्हणत ती वाकून आत शिरली.

बोगदा इतका बुटका, की कमरेत दुमडून उलट्या पावलांनीच उतरावं लागे. उग्र दर्प नाकात शिरला, डोळ्यांतून पाणी आलं. आणि अर्ध्या वाटेत तिला हसू ऐकू आलं. मोठं, मोकळं, भिंतींवर आपटून परत येणारं. ते शाबानचं आहे हे ओळखायला तिला थोडा वेळ लागला.

खाली दालनाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ती उभी राहिली. छत वर निमुळतं होत गेलं होतं. खाली शाबान हातवारे करत आपल्या आजोबांची गोष्ट सांगत होता: वारा सुटला की पिरॅमिड घुमायचा, आणि राजा घोरतोय म्हणून आजोबा पोरांना चिडीचूप बसवायचे. काय आवाज होता शाबानचा! कुठे चढवावा, कुठे दबवावा, सगळं त्याला कळत होतं.

आणि ती नर्मीन? शिडीवर उभी, पाठ त्याच्याकडे. "हं... हं... शाबानकाका, टेप जरा डावीकडे."

रावयाला राहवलं नाही. मला जे कधी ऐकायला मिळालं नाही, ते ही बया सांडून टाकतेय!

"अगं, ऐक तरी!" ती ओरडली. "माणूस बोलतोय!"

नर्मीनच्या हातातला टेप खाली पडला. शाबान दिवा उंचावून बघतच राहिला. "तू? इथे?"

"पुढे काय झालं ते सांगा. मग आजोबांनी काय केलं?"

नर्मीन दोघांकडे बघून हसली आणि म्हणाली, "जा काका, त्यांना वरची खोली दाखवा. माझं मी बघते."

लाकडी जिना चढून शाबाननं तिला राजाच्या दफनाच्या खोलीत नेलं. जमीन उखडलेली, दगड अस्ताव्यस्त पडलेले. बाकी काही नाही.

"राजा कुठे आहे?"

"कुणास ठाऊक. चोरांनी काही ठेवलं नाही."

"मग इतकी वर्षं तुम्ही राखताय काय?"

तो पुन्हा तसाच हसला. मग तिथेच एका दगडावर बसून त्यानं आजोबांची गोष्ट पुरी केली आणि दुसरी सुरू केली.

"घरी का नाही बोलत असं?" तिनं मध्येच विचारलं.

"घरी माझं तोंड उघडेपर्यंत तुझं सगळं बोलून झालेलं असतं."

यावर रावयाकडे उत्तरं पुष्कळ होती, पण ती तोंड मिटून बसली. त्यानं तिसरी गोष्ट सांगितली.

हिवाळा सरला, नर्मीन परत गेली. जाताना रावयानं तिला खजूर दिला. चांगल्यातला नव्हे, मधल्या प्रतीचा. शाबान घरी पुन्हा पहिल्यासारखा गप्प झाला. रावया मात्र दर गुरुवारी जेवण घेऊन खाली उतरू लागली. इन्साफनं टोमणे मारून पाहिले, मग तीही कंटाळली.

एका गुरुवारी रावया खाली पोचली, तर शाबान एका परदेशी जोडप्याला राजाच्या घोरण्याची गोष्ट मोडक्यातोडक्या भाषेत, घोरून दाखवत सांगत होता. ती दोघं पोट धरून हसत होती. रावयानं जेवणाचं फडकं त्याच्यापुढे आपटलं.

"आधी जेवा," ती म्हणाली आणि त्या जोडप्याकडे पाठ करून मधोमध बसली.